लुगऱ्यातला र

टान्याचं तोंड चारचौघांत उघडत नाही, हे तिच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. डिझाइन कॉलेजची वर्षं तिने मान खाली घालून चित्रं काढण्यात घालवली आणि बोलायची वेळ आली की घसा दुखतोय म्हणून मागचा बाक गाठला. पण शेवटच्या वर्षाचं काम डोंबिवलीच्या सभागृहात लोकांसमोर मांडायचं होतं. तिथे घसा दुखून भागणार नव्हतं.

तिने विषय घेतला तो आईच्या बोलीचा. आई, जुलिया, ठाण्यातल्या खोपटच्या मागच्या पाड्यातली, जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातली. त्यांच्यात ड चा र होतो. घोड्याला घोरा, झाडाला झार, लुगड्याला लुगरा. घरात जुलियाची जीभ काय चुरूचुरू चालायची. पण वर्तकनगरला बँकेत गेली की ही बाई मुकी. लहानपणी शाळेत अशा बोलण्यावरून बाईंनी तिला बाकावर उभं केलं होतं, ती अजून खाली उतरलेलीच नाही म्हणा ना.

म्हणून टान्याने पुरुषभर उंचीची पॅनल केली. एकेकावर एक चित्र, खाली आईच्या बोलीतला ठसठशीत एकच शब्द. आईने ते भिंतीवर बघावं आणि तिला वाटावं, आपण काही चुकीचं बोलत नव्हतो. बाकी काही नको, मार्कही नकोत, असं टान्या म्हणायची. ते खोटं होतं, पण थोडंसंच.

पॅनल वागळे इस्टेटमधल्या छपाईवाल्याकडून परस्पर सभागृहात गेली. टान्या आईला घेऊन पोचली तेव्हा ती टांगूनही झालेली. तिने पहिलं वाचलं. घोडा. दुसरं, झाड. तिसरं, लुगडं.

तिने छपाईवाल्या सुदेशला फोन लावला.

"ताई, अहो सगळ्या शब्दांत चुका होत्या," तो शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला. "एवढ्या मोठ्या अक्षरात लोक हसले असते. नशीब माझं लक्ष गेलं. सगळं शुद्ध करून दिलंय."

आता अशा सज्जन माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या? "थँक यू दादा," म्हणून तिने फोन ठेवला. थँक यू म्हणाली, बघा.

"आता नवीन छापून येत नाही," तिच्या शिक्षिका सरोज मॅडम म्हणाल्या. "बोलून सांग."

"मॅम, तेच तर येत नाही मला."

मॅडमनी माईक तिच्या हातात कोंबला.

सुरुवात भयाण झाली. आवाज निघेना, समोरचे मोबाइल बघायला लागले. मग तिला रागच आला, त्या भिंतीचा, सुदेशचा, स्वतःचा.

"हे लिहिलंय ना, ते माझं काम नाही," ती म्हणाली. "इथे घोडा लिहिलंय. आम्ही घोरा म्हणतो. माझ्या मम्मीला शाळेत ह्याच्यावरून शिक्षा झालेली. आणि आज मी तेच शब्द छापायला दिले, तर तेही दुरुस्त होऊन आले."

मोबाइल खाली गेले. टान्या बोलत सुटली, हात हलवून, प्रत्येक र ठासून, मधेच लोकांना हसवूनसुद्धा. आपल्याला एवढा आवाज आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

लोक रंगलेले बघून तिला धीर चढला. जरा जास्तच चढला. "ज्यांचे हे शब्द आहेत त्या इथेच बसल्यात," म्हणत ती पायऱ्या उतरून आईपाशी गेली आणि तिसऱ्या पॅनलकडे बोट केलं. "मम्मी, तू सांग. ह्याला काय म्हणतात?"

जुलिया उभी राहिली, हात अंगाशी चिकटवून. तिने लेकीकडे पाहिलं, भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं, मग पॅनलवरची अक्षरं ओठांतल्या ओठांत जुळवली. पोरीची इज्जत आता आपल्या जिभेवर आहे, एवढंच तिला कळलं असावं.

"लुगडं," ती म्हणाली. ड अगदी घोटून, स्वच्छ.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या, धीर देतात तशा. जुलियाचा जीव भांड्यात पडला. खाली बसता बसता तिने लेकीच्या कानाशी विचारलं, "मना बराबर जमला ना, पोरी?"

त्या घटकेला टान्या जगात कुणाहीसमोर काहीही बोलू शकली असती. आईला काय सांगावं, तेवढंच तिला सुचेना.

"हो मम्मी," ती म्हणाली. "अगदी बरोबर."