लोंबता हात

आमचे हे नोकरीभर लोकांचे विजेचे मीटर तपासत हिंडले. कुणी मीटरशी खेळ केला की ह्यांना म्हणे दारातच वास यायचा. "मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. रिटायर झाले, तपासायला कुणाचं मीटर उरलं नाही, म्हणून मनगटाला बांधायचं बीपीचं मशीन आणलं. नसती ब्याद.

मी पडदे शिवते. माझ्या ताईनं तिच्या गावी पडद्यांचं दुकान काढलंय आणि कापड बेतायला तिला मीच हवी आहे. आठवडाभर तिकडे राहायचं, सुट्टीला घरी यायचं. "सोमवारी ये, नाहीतर मी दुसरी बाई ठेवते," असं तिनं आता स्वच्छ सांगितलं. तुझ्यावाचून अडलंय, असं मला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. घरात अडतं, पण म्हणत कुणी नाही.

मी विषय काढला रे काढला की हे मनगटाला मशीन बांधायचे. खुर्चीत रेलायचं, हात खाली लोंबत सोडायचा आणि आकडा मला वाचायला लावायचा. एकशे अठ्ठावन्न. "तू जा," म्हणायचे, "माझं काय, व्हायचं ते होईल." मी मुकाट्यानं बॅग परत माळ्यावर टाकायची आणि त्यांच्यासाठी बिनमिठाचं वेगळं शिजवायची. मूर्ख मी.

परवा सकाळी शिलाई मशीनला तेल द्यायला लवकर उठले, तर हे बाहेरच्या खोलीत एकटेच बसलेले. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले आणि मशीन बांधलेला हात नीट छातीशी धरलेला, अगदी काळजाच्या उंचीला. आकडा पाहून गालात हसले आणि हळूच डब्यातले खारे शेंगदाणे तोंडात टाकले. तासाभरानं माझ्यासमोर तोच हात पुन्हा खाली लोंबत होता आणि आकडा चढलेला. जन्मभर लोकांच्या चोऱ्या पकडल्या आणि स्वतः चोरी केली ती असली भिकार.

रविवारी त्यांनी मला समजवायला धाकट्या भावाला बोलावलं.

"वहिनी, दादाची तब्येत अशी असताना," भावोजींनी सुरुवात केली. ह्यांनी लगेच मशीन बांधून हात खाली सोडला. मी उठले, तो हात उचलून त्यांच्या छातीशी टेकवला आणि म्हटलं, "सकाळी असाच धरता ना?" बटण मीच दाबलं. एकशे सव्वीस.

भावोजी पंख्याकडे बघत बसले. आपल्याला आजार नाही हे कळून इतका हिरमुसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"मशीन बिघडलंय," हे पुटपुटले. पकडलेले वीजचोरही असंच म्हणायचे, असं ह्यांनीच मला सांगितलंय.

"बघू तरी," म्हणून मी ते माझ्या मनगटाला बांधलं. इतक्या महिन्यांत माझं बीपी बघावं असं घरात कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. पाय टेकले, हात छातीशी धरला, बटण दाबलं. एकशे एकाहत्तर. पुन्हा घेतलं. तेच.

"वहिनी, डॉक्टरला दाखवा," भावोजी चपापून म्हणाले. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू.

आणि आमचे हे? त्यांचा चेहरा उजळला. खुर्चीत सरसावून बसले. "बघ, म्हणजे आता तुला जाताच येणार नाही," म्हणाले. मशीन क्षणात दुरुस्त झालं होतं.

तोवर माझ्या मनात थोडी चलबिचल होती. ती तिथेच संपली. ताईला फोन करून उद्या संध्याकाळची तिकडच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितलं, स्टुलावर चढून बॅग खाली काढली आणि कात्री, टेप, दोन साड्या आत टाकल्या. शेवटी मनगटावरचं मशीन सोडवलं आणि तेही आत ठेवलं.

"अगं, ते माझं आहे," हे म्हणाले.

"तुम्हाला काय करायचंय ते," मी चेन ओढत म्हटलं, "तुम्ही तर ठणठणीत आहात."