गिरणीच्या नळाचं पाणी

कामशेतात इनायतच्या घरी त्या वर्षी दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या, परसात नळ आणि घरात सून. आणि त्याच महिन्यापासून घराचं काहीतरी बिनसलं. डाळ शिजेना. धुतलेले कपडे वाळले की ताठ उभे राहायचे. साबण घासून घासून झिजून जायचा, पण फेस येईल तर शपथ, अंगाला नुसता चिकटा. तांब्याच्या हंड्याला आतून पांढरी खपली धरली. आता दोष कुणाचा? नळाला नावं ठेवायला कोण जातो? तो गिरणीच्या मालकानं मोठ्या मनानं दिलेला. मग राहिली कोण, तर मेहमुदा. सून पांढऱ्या पायाची निघाली, असं सासूनं ठरवून टाकलं.

सासू अजीजुन्निसा मुळात वाईट बाई नव्हती, पण दुःखानं तोंड कडू झालं होतं. तिचा नवरा पटकीनं गेला होता, इंद्रायणीचं पाणी पिऊन. मयतीहून आल्यावर मुलानं, इनायतनं, शपथच घातली होती की या घरात नदीचा थेंब येणार नाही. इनायत भाताच्या गिरणीत इंजिनावर कामाला. गिरणीनं विहीर खोदून पंप बसवला, तेव्हा मालकाच्या हातापाया पडून त्यानं भिंतीवरून एक नळी आपल्या परसात घेतली. गल्लीतल्या बाकीच्या बायका नदीचंच पाणी भरत, आणि त्यांच्या डाळी लोण्यासारख्या शिजत. तिथंच मेहमुदाचं मरण होतं.

गंमत बघा, हाच इनायत दर महिन्याला बॉयलर उघडून छिन्नीनं आतली पांढरी खपली खरवडायचा. पाणी जड आहे म्हणून मिस्त्रीशी कुरकुरायचा. घरी येऊन बायकोच्या कडक डाळीला नाक मुरडताना मात्र त्याला ती खपली एकदाही आठवली नाही. पुरुषाचं डोकं गिरणीत गिरणीचं आणि घरात घरचं, दुसरं काय?

"अगं, डाळ हाय का खडं?" अजीजुन्निसा रोज ताट सरकवायची. "मायनं चूल दावली न्हवती का कदी?"

मेहमुदा पवनेकडच्या खेड्यातली. हात चुलीपर्यंत पोचायला लागल्यापासून रांधत आलेली. माहेरी तिची डाळ कधी अडली नव्हती. पण रोज तेच ऐकून ऐकून तिला स्वतःच्याच हातांची शंका यायला लागली. चुलीपुढं बसून ती हात उलटेसुलटे करून बघायची आणि रडायची.

घरात तिच्या बाजूचं माणूस एकच, नणंद जाहिदा. तिचं लग्न ठरलेलं, हसरी पोरगी. आईनं ताट सरकवलं की ही आपलं पुढं करायची. "दात कशाला दिल्यात अल्लानं? भाभी, वाढ आनखी." आणि कडाकडा चावून दाखवायची. तेवढ्यावर मेहमुदाचा दिवस निघायचा.

मोहरम त्या साली ऐन उन्हाळ्यात आला. दहाव्या दिवशी गल्लीला खिचडा घालायचा मान या घराचा होता. गहू, डाळी आणि मटण सगळं एकजीव शिजलं पाहिजे. आदल्या दिवशी अजीजुन्निसानं सुनेला समोर बसवलं.

"उद्या गल्ली जेवनार हाय. डाळ न्हाई शिजली, तर इनायत तुला म्हायेरी सोडून यील. मी शिकवून थकले."

माहेरी अजून तीन बहिणी लग्नाच्या होत्या. टाकलेली लेक दारात आली की त्यांचंही वाटोळं.

दुसऱ्या दिवशी फटफटतानाच ती हंडा घेऊन नदीवर गेली. शपथ ठाऊक होती, पण करते काय? पाणी आटून डोहात उरलं होतं. तिथं शेजारची झुंबरबाई धुणं धूत होती.

"प्यायला न्हेऊ नगंस गं," झुंबरबाई म्हणाली. "वरल्या वाडीत पटकी लागलीया. मयताची कापडं वरच धुत्यात म्हनं. आमीबी आता उकळूनच पितू."

"चुलीवरच ठिवायचंय मावशी. उकळनार हाय."

तिनं खेपा करून परसातला मोकळा रांजण भरला. आणि काय सांगावं, पातेल्यात डाळ अशी विरघळली की मेहमुदाला चुलीपुढंच हुंदका आला. हात तिचेच होते, जुनेच. अजीजुन्निसानं पळीभर चाखलं आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "शिकलीस गं बाई."

दुपारी दारात माणसं जमली. खिचड्याची वाहवा होत होती. सरबताचा गूळ फोडून झाला आणि अजीजुन्निसा पातेलं घेऊन रांजणाकडे वळली. रांजण थंडगार, हाताशी. तिनं तांब्या बुडवला.

मेहमुदा तिथंच उभी होती. "अम्मा" एवढं तोंडापर्यंत आलं. पण बोलायचं म्हणजे सगळ्यांपुढं सांगायचं की नदीचं पाणी आणलं, शपथ मोडली, आणि डाळ काही माझ्या हातानं शिजली नाही. डोक्यावर ठेवलेला सासूचा हात तिला अजून जाणवत होता. ती गप्प बसली. गूळ विरघळला, बडीशेप पडली. पहिला पेला जाहिदानं उचलला, दमली होती बिचारी, आणि दुसराही प्यायली.

गल्लीतली चारदोन माणसं आजारी पडली, पण उठली. जाहिदा उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. मयताला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायला आलेल्या बाया साबण चोळत राहिल्या, नळाच्या पाण्यात फेस येईना.

तीन दिवस शेजाऱ्यांकडून जेवण आलं. येणाऱ्याजाणाऱ्यांपुढं अजीजुन्निसा सुनेचा हात धरून बसायची. "आता हीच माजी लेक." ते ऐकलं की मेहमुदाला धरणीत शिरावंसं वाटायचं.

चौथ्या दिवशी घरची चूल पेटली. रांजण तिनं केव्हाच उपडा केला होता. इनायत गिरणीत गेल्यावर तिनं सासूला वाढलं. अजीजुन्निसानं घास तोंडात घातला आणि थांबली. डाळ दाताखाली कचकचली.

"मग त्या दिशी कशी शिजली?"

मेहमुदानं खाली बघूनच सांगितलं.

"सरबताचं पानी मीच काडलं." अजीजुन्निसा म्हणाली. "तू हितंच व्हतीस."

"व्हय अम्मा."

"बोलली का न्हाईस?"

"तुमी मला म्हायेरी धाडाल म्हनून."

परसात नळ ठिबकत होता. अजीजुन्निसा रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं ताट जवळ ओढलं आणि एक एक दाणा चावायला लागली. दात थोडेच उरले होते, वेळ लागत होता. ताट संपल्यावर तिनं ते पुढं केलं.

"वाढ आनखी."

मेहमुदानं वाढलं.