लहान चाकांची पहाडी सायकल

मित्रांनो, मी डोंगरवाटा तुडवलेली एक जुनी सायकल आहे. माझी चाकं सव्वीस इंची, टायर जाड खाचांचे आणि अंगात रग भरपूर! माझी मालकीण वनरक्षक. वणव्यावर नजर ठेवायच्या टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत ती मला रोज दामटायची.

एकदा घरच्या जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण कंबरेचा सांधा आखडला. सीट पार खाली केली तरी तिचा पाय जमिनीला पुरेना. फाटकापाशीच आम्ही दोघी आडव्या झालो. साहेबांनी तिला कचेरीत बसवलं. दिराने मला विकून टाकायचा सल्ला दिला. मी परसात कोळ्यांच्या जाळ्यात पडून राहिले. वाटलं, संपलं आपलं.

पण बाई हार मानणारी नव्हती. एके दिवशी काठी टेकत ती मला मिस्त्रीकडे घेऊन गेली. हल्लीची मोठी चाकं हिच्या चाक धरणाऱ्या चिमट्यात मावणार नाहीत, असं मिस्त्री आधीच सांगू लागला.

"मोठी नकोत, लहान बसवा," ती म्हणाली.

"बाई, सगळे मोठी मागतात."

"त्यांचे पाय पुरतात. माझा पुरत नाही."

मिस्त्रीने चोवीस इंची चाकं चढवली. माझे ब्रेक चाकाच्या मधल्या चकतीला धरतात, त्यामुळे ते जागच्या जागी बसले. मी इंचभर बुटकी झाले. पण पेडलही खाली आल्याने पहिल्याच वळणावर ते दगडावर आपटलं आणि बाई पडता पडता वाचली. तेव्हा मिस्त्रीने पेडलचे दांडेही आखूड घातले. पण आखूड दांड्यांमुळे चढ जड जायचा. बाई महिनाभर घामाघूम होत राहिली.

मग एका सकाळी आम्ही मनोऱ्याकडे निघालो. खड्या वळणावर तिला धाप लागली. तिने पाय खाली टेकला. अख्खं पाऊल जमिनीवर! दम खाऊन ती पुन्हा निघाली.

वर साहेब जीपने येऊन थांबले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या चाकांकडे पाहिलं आणि गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली.

"उद्यापासून या," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मी मनोऱ्याला टेकून अशी ऐटीत उभी होते की विचारू नका! तुमच्या परसातही एखादी सायकल गंजत असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिच्या साखळीला तेल द्या, चाकांत हवा भरा. अजून खूप चालायचं असतं हो आम्हाला.