संघपालसाठी यकृत

माझा धाकटा भाऊ संघपाल यकृत निकामी होऊन दवाखान्यात पडला. त्याला यकृताचा तुकडा द्यायला घरात मीच जुळत होते. पण संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट बघून मान हलवली. "सत्यशीलाताई, तुमच्या यकृतात चरबी साठलीय. असं यकृत आम्ही घेत नाही."

बदनापूरच्या शाळेत माझ्या आवाजाला पोरं टरकतात. त्या दिवशी मीच शाळकरी पोरीसारखं हळूच विचारलं, "मग आता काय करायचं?"

त्यांनी समजावलं, की चरबी नुसती बसून राहत नाही. पेशींभोवतीची जाळी तोडणारी आणि पुन्हा विणणारी एन्झाइम्स तिच्यामुळे बिथरतात, यकृत कडक व्हायला लागतं, साखर चढते. वजन उतरलं की सगळं बरंचसं ताळ्यावर येतं. संघपालकडे मात्र फार वेळ नव्हता.

मी हट्टाला पेटले. दर आठवड्याला पोटात वजन उतरवायचं इंजेक्शन, त्यानं होणारी मळमळ, सकाळी स्टेशनपर्यंत चालणं. स्वयंपाकाला केदारखेड्याहून आई आली. वजन आधी भराभर उतरत होतं, ते आता अडलं. पुढच्या तपासणीत चरबी जवळपास तेवढीच. मी इंजेक्शनच्या नावानं खडे फोडले.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आई माझ्या वाटीतल्या वरणात डावभर तूप घोटत होती.

"माय, हे रोज चालू हे?"

"मंग? अंगातला तुकडा काढून द्यायचा अन् अंगात काहीच नको? एक लेकरू पडून राह्यलंय, दुसरं बी टेबलावर जाणार. मला दोघं बी वापस पाहिजेत."

मला भयंकर संताप आला होता, आणि तिच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटत होतं. मी तिच्या हातातला डाव काढून घेतला. "या तुपापायी डॉक्टर माझं यकृत घेऊन न्हाई राह्यले, माय. संघपाल जाईल अशानं."

आईनं ती वाटी बाजूला सारली आणि तुपाचा डबा झाकला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटावर तिचाच पहारा. बुद्धपौर्णिमेची खीरसुद्धा तिनं मला चमचाभर दिली नाही.

पुढच्या तपासणीला ती सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "आता घेता येईल. आणि घाबरू नका, तुमचं उरलेलं यकृत पुन्हा वाढतं."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "मंग आता हिला जेवू घालू का?"

"ऑपरेशन झाल्यावर, आजी. दोघांनाही घाला."