पेठ नाक्यापर्यंत

"चिकट! चिकट की रं मागं!"

नाथाजी मान न वळवता ओरडला आणि केरूने पेडलवर जोर दिला. त्याचं पुढचं चाक नाथाजीच्या मागच्या चाकाकडे सरकत गेलं. पाच हात राहिले, तीन हात राहिले, आणि मग नेहमीसारखंच झालं. छातीत दम होता, मांड्यांत बळ होतं, तरी पाय आपसूक सैलावले. बघता बघता दोघांच्या मधे बैलगाडी मावेल एवढा रस्ता मोकळा पडला.

तुंग मागे पडलं होतं, आष्टा अजून लांब होतं. जानेवारीतली सकाळ. पाठीमागे, सांगलीच्या अंगाला, सूर्य नुकताच वर आला होता आणि दोन्हीकडच्या उसावर दव होतं. पुढे केरूच्या कितीतरी बदल्या झाल्या, दारात स्कूटर आली, पण थंडी पडली की त्याला आठवायचा तो हाच रस्ता, चेनच्या तेलाचा वास आणि समोर वाकलेली नाथाजीची खाकी पाठ.

आष्ट्याला नाथाजीने सायकल चिंचेला टेकवली.

"तुला दम न्हाई म्हनावं तर तसंबी न्हाई," तो म्हणाला. "पेठ नाक्याला वळलो की गोचिडावानी चिकटतुयास. कराड म्हनू नगस, सातारा म्हनू नगस, हातभर अंतर सोडत न्हाईस. आनि सांगली ते पेठ? सासरी निघाल्याल्या पोरीवानी मागं मागं!"

"पाय थंड असत्याल, आण्णा."

"मग शर्यत काय दुपारी ऊन तापल्यावर ठिवायची व्हय तुझ्यासाठनं?"

केरू खाली मान घालून टायर दाबत राहिला. टायर टणक होतं.

शर्यत जोडीची होती. सांगलीतल्या एका तालमीने सव्वीस जानेवारीला ठेवलेली, सांगली ते सातारा. दोघांनी एकदम निघायचं. पुढच्याने वारा तोडायचा, मागच्याने त्याच्या आडोशाला राहून दम राखायचा. पेठेपर्यंत पुढे राहून वेग बांधायचं काम नाथाजीचं, तिथून आलटून पालटून. आणि घड्याळ थांबायचं ते मागच्याचं चाक रेघेवरून गेल्यावर. म्हणजे पुढचा कितीही वाघ असला तरी जोडी चालायची मागच्याच्या पायाने.

नाथाजी साळुंखे पलटणीतून पेन्शन घेऊन सांगलीवाडीला आला होता. पुण्याच्या आणि बेळगावच्या शर्यती त्याने मारल्या होत्या. तेव्हा गियरची भानगड कुणाच्या सायकलीला नव्हती. वेग म्हणजे पाय, आणि नाथाजीचे पाय म्हणजे घड्याळ. मिनिटाला पंच्याहत्तर फेरे. लोक पैज लावून मोजत आणि हरत. त्याचा जुना जोडीदार सयाजी. त्याला सासऱ्याने फटफटी घेऊन दिली आणि गड्याला सायकलीवर बसायची लाज वाटू लागली. मग नाथाजीची नजर गेली तारवाल्या केरूवर.

केरू कांबळे पोस्टात तारा वाटायचा. त्याची सायकल गल्लीत शिरली, की तार हातात पडायच्या आधीच बाया रडायला लागत. त्यामुळे जलद जाऊन जलद निघून यायची त्याला सवयच झाली होती. एकदा आयर्विन पुलावर नाथाजीने त्याला गाठायचा प्रयत्न केला आणि ते काही जमलं नाही. संध्याकाळी नाथाजी पत्ता विचारत घरी आला, ओट्यावर बसला, बशीतून चहा प्यायला आणि म्हणाला, "माझ्या मागं चालवशील का सायकल?" त्या दिवशी केरूला आपण चार बोटं उंच झाल्यासारखं वाटलं होतं. गल्लीतले सगळे दारात येऊन बघत होते.

"ह्यो रविवार गेला," चिंचेखाली नाथाजी म्हणाला. "आता म्होरला रविवार शेवटचा. सोमवारी तालमीत नावं द्यायची हायेत. पलूसचा गुंडा मागं लागलाय. तुझ्या निम्म्यानं न्हाई ते पोरगं, पर चिकटून ऱ्हातंय."

शर्यत हरली असती तर केरूला चाललं असतं. पण त्या ओट्यावर बसून ज्याने आपल्याला निवडलं, त्यानेच आपल्याला नको म्हणायचं, हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

बुधवारी सकाळी आभाळ भरून आलं. पुलापासून आष्ट्यापर्यंत केरू हातभर अंतरावर चिकटून राहिला. नाथाजी दोनदा "भले!" म्हणाला. आष्टा सोडलं आणि ढग फाटले. पाठीमागून ऊन आलं, केरूची लांबलचक सावली त्याच्या चाकाखालून निघून पुढे धावली, नाथाजीच्या मागच्या चाकावर चढली, मग कमरेवर, मग पाठीवर. आणि केरूचे पाय सैलावले.

तेव्हा त्याला कळलं. झाडीत तो का टिकायचा आणि उघड्या माळावर का मागे पडायचा, सूर्य वर चढेल तसा जवळ कसा यायचा, आणि पेठेला रस्ता उत्तरेकडे वळून सावली डावीकडे उसात पडायला लागली की त्याच्या अंगात वारं कुठून शिरायचं, सगळं एका क्षणात कळलं.

त्याची आजी धोंडुबाई त्याला लहानपणी गावच्या रस्त्याने न्यायची ती दंडाला धरून. समोरून कुणी बडं माणूस आलं की म्हणायची, "ऊन कुठल्या अंगाला हाय बघ, मग हुबा ऱ्हा." सावली त्या माणसावर जाता कामा नये. केरू पाच वर्षांचा असताना हे शिकला, चालायला शिकावं तसं. पुढे छप्पन सालानंतर घरातले देव कृष्णेत सोडले. म्हातारीनेही पांढरं लुगडं नेसून हात जोडले, पण मरेपर्यंत उभी राहताना आधी सूर्य बघायची. केरू त्यावरून तिला हसायचा. आता त्याला स्वतःच्या पायांचा असा राग आला, की घरी जाऊन त्याने सायकल दोनदा धुतली.

हे सांगायचं कुणाला? त्याने ठरवलं, रविवारी सावली पडू द्यायची. काय व्हायचं ते होवो.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. तुंगच्या पुढे झाडी संपली आणि ऊन पाठीशी आलं. केरूने दात आवळले. सावली नाथाजीच्या कमरेवरून पाठीवर गेली. पाय ढिले पडायला निघाले, त्याने पडू दिले नाहीत. मन गुंतवायला तो नाथाजीच्या टाचांचे फेरे मोजू लागला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

अंतर तरीही वाढलं.

केरू चक्रावला. त्याचा एकही पाय चुकला नव्हता. मिनिट भरलं तेव्हा नाथाजीचे फेरे झाले होते ब्याऐंशी.

त्याने मुद्दाम मागे राहून पुन्हा मोजलं. पंच्याहत्तर. जोर करून जवळ गेला, सावली पाठीवर चढली. एक्याऐंशी. परत मागे, परत पंच्याहत्तर. तिसऱ्यांदा जवळ गेला तेव्हा मोजायचीही गरज उरली नाही. पाठीवरचं ऊन अडताच नाथाजीची पाठ गोमाशी बसल्यासारखी थरथरली आणि पाय पळाले. केरूला आधी हसू आलं. मग फार वाईट वाटलं.

"आण्णा, थांबा."

"काय झालं? पंचर?"

"पंचर न्हाई."

दोघे उतरले. सोमवार उद्यावर आला होता, आणि आता बोलायचं म्हणजे जोडी हातची घालवायची, हे केरूला दिसत होतं.

"मी मागं पडत न्हाई, आण्णा. म्हंजी, पडत हुतो. आज पडलो न्हाई. आज तुमी पळताय."

"काय बोलतुयास?"

"माझी सावली तुमच्या पाठीवर आली की तुमचं पाय वाढत्यात. तीनदा बघितलं. पंच्याहत्तरचं ब्याऐंशी हुत्यात."

नाथाजीचा चेहरा लाल झाला. "डोकं ठिकानावर हाय का तुझं? पलटनीत समद्यांसंगं एका ताटात जेवलोय मी. तुझ्या घरात चा प्यालोय. असलं काय मानत न्हाई मी!"

"मीबी मानत न्हाई," केरू म्हणाला. "तरी दोन म्हैनं माझं पाय ढिलं पडत हुतं."

आष्ट्याकडून उसाची एक गाडी आली आणि कुरकुरत निघून गेली. नाथाजी सीटचा नट फिरवू लागला. नट आधीच घट्ट होता.

"शाळंतनं आलो की आमची आय दारातच आडवायची," तो नटाकडे बघत म्हणाला. "इचारायची, वाटंनं कुनाची..."

वाक्य तिथेच राहिलं. केरूने ते पुरं करायला मदत केली नाही.

मग नाथाजीने सायकलीवर टांग टाकली. "मागं ये. हातभर अंतरावर. माझं पाय वाढलं की सांग."

"वरडून?"

"वरडून."

दोघे निघाले. सावली चढली. "वाढलं!" केरू ओरडला. नाथाजीने पाय आवरले. "वाढलं, आण्णा!" पुन्हा आवरले. त्याची मान ताठ झाली होती, हँडल धरलेल्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. चढावरसुद्धा एवढे कष्ट घेताना केरूने त्याला कधी पाहिलं नव्हतं. मधेच केरूचेच पाय सैलावले, तेव्हा तोही प्रामाणिकपणे ओरडला, "आता माझं!" शेतातल्या बाया खुरपी थांबवून बघू लागल्या. दोघे बाप्ये सकाळी सकाळी काय खेळ मांडून बसलेत, असं त्यांना वाटलं असेल. आष्ट्यापर्यंत केरूला अकरा वेळा ओरडावं लागलं. इस्लामपूरपर्यंत चार वेळा. तिथून पुढे एकदाच, तेही "वाढलं, आण्णा!" म्हणून. ऊन आता पाठीवर उबदार लागत होतं आणि केरूला वाटत होतं, हा रस्ता असाच चालावा, संपू नये.

पेठ नाक्याला दोघे थांबले. केरूने घाम पुसला आणि धीर करून विचारलं, "उद्या तालमीत..."

"तुझंच नाव घालतो. गुंड्याला सांगीन मी."

केरूला हसू आवरेना. त्याने सवयीने हँडल उजवीकडे, कराडच्या रस्त्याला वळवलं. नाथाजी मात्र जागचा हलला नाही. त्याने सायकल उचलून उलट्या तोंडाने, सांगलीकडे फिरवली.

"कराडला न्हाई जायाचं, आण्णा?"

"न्हाई. उद्या तुझी दुपारची पाळी न्हवं?"

"व्हय."

"मग उद्या सूर्य उगवायला पुलावर ये. सांगली ते पेठ, पुन्यांदा."

"आवं, आता सुटलं की पाय माझं!"

"तुझं सुटलं," नाथाजी म्हणाला आणि सायकलीवर बसला. "माझं ऱ्हायल्यात."