तिसऱ्या बेसमागची मंडळी

परगावी जिंकायचं आणि घरी येऊन हरायचं, ही उलटी रीत आमच्या पोरींनी कुठून उचलली ते प्रेरी फोर्कमध्ये कुणालाच कळत नव्हतं. त्या वसंतात कॉलेजचा सॉफ्टबॉल संघ बसमध्ये अंग आंबवत कुठे कुठे जायचा, अनोळखी मैदानावर समोरच्यांना लोळवायचा, आणि परत येऊन आमच्या डोळ्यांदेखत हरायचा. तेही एका धावेने. दणकून हरल्या असत्या तर माणूस निदान लवकर घरी जाऊन अंगणातलं गवत तरी कापतो.

कारणांचा मात्र आमच्याकडे तुटवडा नव्हता. तिसऱ्या बेसच्या मागे, अगदी जाळीला लागून, पत्र्याची बाकं आहेत. पहिल्या बाकावर आम्ही तिघं. उजवीकडे डॉक्टर एल्डन प्रोचास्का. दातांचा डॉक्टर, आता निवृत्त, पण समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत राहायची धंद्यातली सवय सुटलेली नाही. डावीकडे मी, लायल. जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला, त्यामुळे मी कुजबुजलो तरी पार्किंगपर्यंत ऐकू जातं. आणि मध्ये व्हर्ना हॅवेल्का, मांडीवर कोलाच्यांचा डबा घेऊन. जर्दाळूचा मुरंबा भरलेले तिचे ते गोड पाव आम्हाला मिळायचेच, पण सामन्याआधी पाहुण्या संघालाही ती जाळीच्या फटीतून एकेक द्यायची. हरवायचं असलं तरी उपाशी कशाला हरवायचं, असं तिचं म्हणणं.

"परगावी त्यांना हॉटेलात सकाळी वॉफल मिळतात," एल्डन म्हणायचा. "साखर पोटात असते, हात चालतात. इथे वसतिगृहात ओटमील खातात."

"वाऱ्याचा दोष आहे," मी म्हणायचो. "आपल्याकडे संध्याकाळी वारा फिरतो."

"वारा समोरच्यांना लागत नाही वाटतं?" व्हर्ना विचारायची. "दोष कुणाचा ते काय शोधताय? ती बघा, तिथे उभी आहे."

ती म्हणजे कोच. आपली फलंदाजी चालू असली की कोच तिसऱ्या बेसपाशी उभी राहून इशारे करते, म्हणजे आमच्या बाकापासून इतक्या जवळ की तिला शिंक आली तर आम्हीच 'सुखी भव' म्हणायचो. नाव जोलीन. व्हर्नाची पोटची मुलगी.

आता आईच म्हणते म्हटल्यावर आम्ही कशाला मागे राहतोय? पण त्यातही एक मेख होती. मागच्या बाकावरचा एक परका माणूस एकदा "या बाईला हाकला" असं ओरडला, तेव्हा व्हर्ना वळली आणि तिने त्याला विचारलं, "तुला कुणी विचारलं? तुझी मुलगी आहे का ती?" तो माणूस पुढच्या डावात पहिल्या बेसच्या बाजूला जाऊन बसला.

व्हर्नाचा खरा राग बंटवर होता. बॅट आडवी धरायची, चेंडू नुसता पुढ्यात पाडायचा, स्वतः बाद व्हायचं आणि बेसवरच्या मैत्रिणीला एक घर पुढे सरकवायचं. जोलीनला हा प्रकार भारी आवडायचा. व्हर्नाला वाटायचं, देवाने हाताला ताकद दिली ती काय चेंडू कुरवाळायला?

आणि बंट येणार हे आम्हाला आधीच कळायचं. त्याचं श्रेय माझं. लिलावात कुणी भुवई उडवतो, कुणी टोपी सारखी करतो, कुणी बायकोकडे न बघता नाक खाजवतो, आणि ते सगळं वाचून मी बैल विकलेले आहेत. जोलीन कान धरते, टोपी चाचपते, गुडघ्याला हात लावते, ती सगळी फसवाफसवी. पट्ट्यानंतर कोपराला हात गेला की बंट. एप्रिल लागायच्या आत मी हे ओळखलं आणि बाकावरच्या दोघांना शिकवलं. मोठ्या अभिमानाने शिकवलं.

तेव्हापासून आमची पद्धत पडली. हात कोपराला गेला की चेंडू यायच्या आधीच व्हर्ना कपाळावर हात मारून म्हणायची, "आली बया बंटवर." एल्डन सुस्कारा टाकायचा. मी माझ्या कुजबुजीत म्हणायचो, "परत तेच." मग बंट व्हायचा, समोरची तिसऱ्या बेसवरची पोरगी नेमकी धावत पुढे आलेली असायची, आणि जिला पुढे सरकवायचं ती आमची पोरगीच बाद. "बघा," आम्ही एकमेकांना म्हणायचो, "सांगितलं नव्हतं?"

मोसमाची शेवटची मालिका घरी होती, वेस्ट प्लॅटशी. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीनातले दोन जिंकले तर विभागीय स्पर्धेत प्रवेश, नाहीतर मोसम संपला. आणि मोसम संपला तर जोलीनही संपली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. क्रीडा विभागाचे प्रमुख गर्डिस साहेब वरच्या बाकावर काळा चष्मा लावून बसायला लागले होते. जोलीनने ॲरिझोनातल्या एका शाळेला नोकरीसाठी फोन केल्याचंही कानावर आलं होतं. ती गेली की तिची दोन्ही मुलं जाणार, व्हर्नाची नातवंडं.

व्हर्ना यावर एकदाच बोलली. शुक्रवारी सामना सुरू व्हायच्या आधी डबा उघडता उघडता म्हणाली, "ॲरिझोनाला विमानाने जावं लागतं. मी विमानात बसत नाही." आणि एल्डनच्या हातात कोलाचे ठेवला. एल्डनने तो मुकाट्याने खाल्ला. दातांना साखर वाईट हे त्या दिवशी त्याने सांगितलं नाही.

शुक्रवारी आम्ही हरलो. एका धावेने. शेवटच्या डावात पट्टा, कोपर, "आली बया बंटवर", आणि वेस्ट प्लॅटची तिसऱ्या बेसवरची लांब वेणीवाली पोरगी वाघिणीसारखी पुढे.

सामना संपल्यावर ती वेणीवाली जाळीपाशी आली. टोपी काढून, अदबीने. मोठी गोड पोर.

"मॅडम, थँक यू. तुमची फार मदत झाली."

"अगं, त्यात काय," व्हर्ना म्हणाली. "अजून एक घे. जर्दाळूचा आहे."

"नको मॅडम, पोट भरलंय. कोलाचे मस्तच होते. पण मी बंटबद्दल म्हणत होते." ती माझ्याकडे वळली. "आणि सर, तुमचाही आवाज अगदी स्पष्ट येतो. आमच्या कोचने सांगूनच ठेवलं होतं. प्रेरी फोर्कला गेलीस की बॅटकडे बघू नकोस, तुझ्या पाठीमागच्या बाकाकडे कान ठेव."

ती गेली. आम्ही तिघं बसून राहिलो. माझ्या आवाजाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. सगळा मोसम आम्ही वारा शोधला, ओटमील शोधलं, आणि कुऱ्हाडीचा दांडा पहिल्या बाकावर उशा टाकून बसला होता.

"परगावी आपण जात नाही," एल्डन हळूच म्हणाला.

"कळलं, डॉक्टर," मी म्हणालो.

व्हर्ना उठली. डबा बाकावर तसाच टाकून ती थेट मैदानाच्या फाटकातून आत गेली. जोलीन चेंडू गोळा करत होती. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण व्हर्ना हॅवेल्का मान खाली घालून उभी आहे हे दृश्य आम्ही दोघांनी पाहिलं. परत आल्यावर ती म्हणाली, "मी सांगितलं तिला. सगळं."

"रागावली?"

"नाही. 'मग उद्या गप्प बस' एवढंच म्हणाली." व्हर्नाने नाक पुसलं. "रागावली असती तर बरं झालं असतं."

गप्प बसणं व्हर्नाला जमतं का? आम्ही पैज लावायलाही धजावलो नाही. पण शनिवारी ती दुप्पट मोठा डबा घेऊन आली. युक्ती सरळ होती. जोलीनचा हात पट्ट्याकडे गेला की व्हर्ना अख्खा कोलाचे तोंडात कोंबायची. कोपर येईपर्यंत तोंडातून शब्द सोडा, श्वासही बाहेर येत नव्हता. एल्डन आभाळाकडे बघून बसला. मी रुमाल चावला. वेणीवाली दर चेंडूआधी आमच्याकडे कान टवकारायची आणि तिथे नुसतं चावणं ऐकू यायचं. आमचे बंट लागले. सामना जिंकला. संध्याकाळी व्हर्नाचं पोट बिघडलं, पण चेहऱ्यावर तेज होतं.

रविवारी निकालाचा सामना. गाव लोटलं होतं. व्हर्ना आली ती कुरकुरतच.

"जोलीन सकाळी घरी आली आणि अर्धे कोलाचे पोरींना म्हणून घेऊन गेली. आजच का पोरींना आठवण झाली?"

"पुरवून खा," मी म्हणालो.

तिने पुरवून खाल्ले. पाचव्या डावात तिने अर्ध्यावर काम भागवलं. सहाव्यात चतकोर. सातव्या आणि शेवटच्या डावात आमची फलंदाजी आली तेव्हा डब्यात कागद आणि पिठीसाखर उरली होती. वेस्ट प्लॅट एका धावेने पुढे. आमची एक बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमच्या पोरी उभ्या. बॅट घेऊन आली टेसा, पहिल्या वर्षाची, जिच्या अंगात अजून शाळेतला भित्रेपणा होता.

गर्डिस साहेबांनी काळा चष्मा काढला. व्हर्नाने माझा हात धरला.

"लायल, मी डोळे मिटते."

"मिट."

मिटले नाहीत. आपल्या मुलीवरून तिला नजर काढता येईना. जोलीनने कान धरला. टोपी चाचपली. गुडघा. मग सावकाश, अगदी आमच्याकडे पाठ न करता, पट्टा. आणि कोपर.

मी रुमाल दातात धरला. एल्डनने पुटपुटत देवाचं नाव घेतलं. आणि मध्ये बसलेल्या बाईच्या छातीतून, मोसमभर साठलेलं, कालच्या दिवसाचंही व्याज धरून, ते बाहेर पडलं.

"अगं बाई, आली परत बंटवर."

मैदानभर ऐकू गेलं. जित्याची खोड. वेणीवाली चेंडू सुटायच्या आतच झेपावत पुढे आली, पार टेसाच्या पुढ्यात. व्हर्नाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण पाखरू उडून गेलं होतं. तिच्याकडे बघवेना. मला वाटलं, ही बाई आता इथेच, या बाकावर, म्हातारी होऊन मरणार, आणि नातवंडं ॲरिझोनात मोठी होणार.

टेसाने बॅट आडवी केलीच नाही. तिने ती पूर्ण फिरवली. पुढे आलेल्या वेणीवालीच्या शेजारून, जिथे तिने उभं असायला हवं होतं त्या रिकाम्या जागेवरून, चेंडू सणसणत गवतात गेला. एक पोरगी घरच्या बेसवर आली, बरोबरी. मागोमाग दुसरी आली, सामना आमचा. मग सगळं मैदान एकमेकांच्या अंगावर पडलं.

एल्डनने मला मिठी मारली, ज्याबद्दल आम्ही नंतर बोललो नाही. व्हर्ना तशीच तोंड दाबून बसली होती. काय झालं ते तिला उमगत नव्हतं.

गर्डिस साहेब खाली उतरले, जोलीनचा हात हातात घेऊन चांगला गदागदा हलवला आणि "पुढच्या वर्षीचं उद्याच बोलू" म्हणाले. मग जोलीन जाळीपाशी आली. घामाघूम, केसांत माती.

"तू बंटचा इशारा केला होतास," व्हर्ना म्हणाली.

"जुना बंटचा. काल रात्री इशारे बदलले."

"मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू लायलला सांगितलं असतंस, आणि लायल कुजबुजला असता."

हे मला लागलं, पण खोटं नव्हतं.

"मी गप्प बसणार होते," व्हर्ना म्हणाली. "मी शपथ घेतली होती. काल बसले होते की नाही?"

"बसली होतीस. डबा भरलेला असला की तू एक दिवस गप्प बसू शकतेस." जोलीनने जाळीतून दोन बोटं आत घातली. "म्हणून तर सकाळी अर्धे मी नेले. आई, सगळ्या मोसमात मला एकाच गोष्टीचा भरवसा होता."

व्हर्नाने ती दोन बोटं धरली. धरून ठेवली. डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. सगळ्या गावासमोर लेकीने आपल्याला फसवलं याचा राग, आणि फसवण्याइतकं आपल्याला ओळखलं याचा आनंद, दोन्ही तिच्या तोंडावर एकाच वेळी भांडत होते. आम्ही दोघं दुसरीकडे बघायला लागलो, पण कान तिकडेच होते.

मग व्हर्नाने नाक ओढलं आणि गळा साफ केला.

"एक सांगू, जोलीन?"

"सांग."

"त्या जागी बंटच करायला हवा होता. आधी बरोबरी साधायची, मग पुढचं बघायचं."

जोलीनने जाळीला कपाळ टेकलं आणि हसायला लागली.

"तिचं बरोबर आहे," एल्डन म्हणाला, आणि मी त्याला वारा कसा फिरला होता ते समजावून सांगायला बसलो.