अर्ध्या रांजणातलं पाणी

मी एक जुना रांजण आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा गळा केव्हाच फुटला, उरलं ते बूड. पण मित्रांनो, या बुडानं एक जीव वाचताना पाहिला आहे, म्हणून सांगतो.

उदगीरच्या कुंभारानं मला घडवलं. लातूरच्या सिद्धम्मानं टिचकी मारून, माझा आवाज ऐकून मला निवडलं आणि ओसरीत वाळूवर बसवलं. डाळमिलमधून दमून येणारी माणसं माझं पाणी पिऊन म्हणत, "सिद्धम्मा, लई गार हाय बघा!" तेव्हा मला भरून आल्यासारखं व्हायचं.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, आमच्या दारात नळ आला. हौद बांधताना गवंड्याच्या हातून वीट सुटली आणि माझा गळा गेला. मला मागच्या अंगणात भिंतीशी टाकून दिलं. मग पावसानं पाठ फिरवली, नळ कोरडे पडले. माझ्यात नुसता पाला साचला.

सिद्धम्माची सून महानंदा कॉलेज शिकलेली, नुकतीच आई झालेली. बाळाला ताप तर नाही ना, म्हणून सारखी हात लावून बघायची. घरच्या भुऱ्या कुत्र्याचं नाकही तशीच चाचपायची. शेजारच्या केवळाबाई हसायच्या, "दोन लेकरं हायत म्हणून सांग की लोकाला!"

"दोनच आहेत, काकू," महानंदा म्हणायची.

एका सकाळी टँकर आला. भुऱ्या टँकरवाल्यांच्या अंगावर धावायचा, म्हणून महानंदानं त्याला अंगणातल्या लिंबाच्या दाट सावलीत साखळीनं बांधलं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यात पाणी ठेवलं. बाळाला कडेवर घेऊन ती रांगेला गेली. सासूही गेली.

रांग हलेना. ऊन मात्र हललं. सावली सरकत भिंतीकडं गेली. भुऱ्या तिच्यामागं सरकला, आणि साखळी संपली. ओढाओढीत हलकं भांडं उलटलं. तापल्या फरशीवर तो एक पाय उचलायचा, मग दुसरा. आधी भुंकला, मग तेही थांबलं. तोंडातून चिकट लाळ गळू लागली आणि तो आडवा झाला. मी त्याच्या शेजारीच होतो, कोरडा.

"अत्याबाई, भुऱ्या!" घागर ओसरीत टेकवताच महानंदा किंचाळली. बाळ सासूकडं देऊन तिनं भुऱ्याला सोडवून ओसरीत ओढलं. बाळाचे लंगोट भिजवून त्याच्या पोटावर, जांघेत, पंजांवर ठेवले. गरम झाले की पुन्हा भिजवले. एका हातानं सुपानं वारा घालत राहिली.

केवळाबाई धावत आल्या. "बर्फ आणू का गं? टाक अंगावर!"

"नको काकू. बाळ तापलं तर त्याला बर्फात घालू का? साधंच पाणी बरं."

बघता बघता घागर तळाला गेली.

"अगं, रातच्याला लेकराला काय देशील?" केवळाबाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा टँकर कधी यील, कुणाला ठावं?"

महानंदाचा हात थांबला. तिनं बाळाकडं पाहिलं, मग भुऱ्याकडं. तिला रडूही येईना.

बाळ केवळाबाईंच्या हाती देऊन सिद्धम्मा अंगणात आली. माझ्यातला पाला झटकला, मला पदरानं पुसलं आणि ओसरीत नेऊन ठेवलं. मग स्वतःच्या घागरीतलं पाणी माझ्यात ओतलं.

"अत्याबाई, ते तर तुमच्या पूजेचं..."

"महादेव चार दिवस पळीभर पाण्यावर भागवील. ह्याचं न्हाई भागायचं. तुझ्या घागरीत तळाला हाय ते लेकराला ठेव, ह्यात भिजव फडकी."

बऱ्याच वेळानं भुऱ्यानं मान उचलली. माझ्या काठावर हनुवटी टेकवली, दोनदा जीभ बुडवली आणि थांबला. पुन्हा बुडवली. संध्याकाळी त्याला मिलच्या हातगाड्यावर घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तो जगला. पण तो उन्हाळा संपेपर्यंत त्याचे मागचे पाय चालताना लटपटत.

मित्रांनो, मी जड आहे, उलटत नाही. मातीचा आहे, म्हणून पाणी लवकर तापू देत नाही. पण मला सावलीत ठेवणारा हात लागतो. दारातलं जनावर बांधायला जाल तेव्हा आत्ताची सावली बघू नका. दुपारी ती कुठं असेल, तिथवर साखळी पोचते का, तेवढं बघा. पोचत नसेल, तर त्याला घरात घ्या. मगच रांगेला जा.